स्फिंक्स नक्की कुणाचा? आणि 'सगळे तज्ज्ञ म्हणतात' यावर किती भिस्त ठेवायची?

उंटावरची शहाणी

इजिप्तमधल्या गिझाला जाऊन आले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हाच हा धागा काढायचा होता, पण आळस. परवा नातेवाइकांच्या कायप्पा गटावर "पिरॅमिडखाली सापडलं अख्खं शहर, शास्त्रज्ञ हादरले" असं ढकलपत्र आलं. मामेसासऱ्यांनी त्याखाली लिहिलं, "शाळेत शिकवलं ते सगळं खोटं होतं तर!" मी तावातावाने उत्तर टंकायला घेतलं आणि दोन ओळींनंतर थांबले. कारण मला तरी जे माहीत होतं ते कशावरून माहीत होतं?

स्फिंक्ससमोर (सिंहाचं धड, माणसाचं डोकं असा तो अवाढव्य दगडी पुतळा) आमच्या गाइडने सांगितलं होतं की हा खाफ्रे राजाचा चेहरा, इसवी सनापूर्वी साधारण २५०० चा. मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, सगळे तज्ज्ञ म्हणतात. "बस दोन वाजता सुटेल" हे त्याने ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात.

घरी येऊन वाचत बसले. खाफ्रेच्या काळातला एकही लेख "हा स्फिंक्स मी घडवला" असं म्हणत नाही. त्या सबंध जुन्या राजवटीतला एकही लेख स्फिंक्सचं नावसुद्धा घेत नाही. पंजांच्या मधोमध ग्रॅनाइटचा जो उभा शिलालेख आहे तो थुटमोस चौथ्याचा, म्हणजे खाफ्रेनंतर हजारेक वर्षांनी उभारलेला. त्यातल्या एका मोडक्या ओळीत 'खाफ' एवढी अक्षरं होती, पुढचं मागचं गेलेलं. आता तर तो पापुद्राही निघून गेलाय, १९ व्या शतकात केलेल्या नकलेवर काम चाललंय. इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ सलीम हसन यांनी १९३० च्या दशकात स्फिंक्सभोवतीची वाळू उपसून काढली. तेही खाफ्रेच्याच बाजूने झुकले, पण थेट पुरावा एकही नाही हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं.

बरं, एकमत म्हणावं तर तेही नाही. कैरोच्या जर्मन संस्थेचे प्रमुख राहिलेले रायनर श्टाडेलमान म्हणायचे, स्फिंक्स खाफ्रेचा नव्हे, त्याच्या बापाचा, खुफूचा. वासिल दोब्रेव म्हणतात, खाफ्रेच्या भावाचा, जेदेफ्रेचा. घरातल्या घरात का होईना, भांडण आहेच ना? मग पाटीवर, पुस्तकात, गाइडच्या तोंडी एवढी खात्री कुठून येते?

मी परग्रहवासीवाली नाही, आधीच सांगते. पण ही खात्री मला टोचते.

नर्मदेतला गोटा

पहिला मीच. चहा ठेवून येतो.

शंकासुर

वा ताई, शेवटी कुणीतरी बोललं! हीच तर गंमत आहे. १९९१ मध्ये बोस्टन विद्यापीठाचे भूवैज्ञानिक रॉबर्ट शॉक यांनी अमेरिकेतल्या भूवैज्ञानिकांच्या परिषदेत मांडलं की स्फिंक्सभोवतीच्या खंदकाच्या भिंतींवर ज्या उभ्या गोलसर घळी आहेत त्या वाऱ्याच्या नाहीत, पावसाच्या आहेत. गिझाला एवढा पाऊस शेवटचा पडला तो इसवी सनापूर्वी काही हजार वर्षं. म्हणजे स्फिंक्स कमीत कमी इ.स.पू. ५०००. पुरातत्त्ववाल्यांनी त्यांना अक्षरशः उडवून लावलं. "तुमचा प्रांत नाही" म्हणाले. दगड कसा झिजतो हा भूवैज्ञानिकाचा प्रांत नाही तर कुणाचा?

आणि पिरॅमिडचंही तेच. सगळ्यात मोठ्या पिरॅमिडमध्ये ना ममी, ना भिंतीवर एक अक्षर. १८३७ मध्ये हॉवर्ड व्हाइज नावाचा इंग्रज कर्नल सुरुंगाची दारू लावून वरच्या बंद पोकळ्यांत घुसतो आणि नेमकं त्यालाच लाल रंगात खुफूचं नाव मिळतं. पैसे संपत आले असताना! मला तरी वास येतो.

भूस्तरवेडी

शंकासुर, अर्ध्या गोष्टीला टाळी, अर्धीला नाही.

मी भूविज्ञानवाली, पण आपला अनुभव सह्याद्रीतल्या काळ्या कातळाचा. गिझाचा दगड चुनखडी आहे. तिथे एक थर कठीण, त्याखालचा मऊ, परत एक कठीण, अशी चळत आहे. स्फिंक्सच्या अंगावर आडव्या वळ्या दिसतात त्या म्हणूनच. मऊ थर आत गेले, कठीण बाहेर राहिले. डोकं सगळ्यात चांगल्या थरात आलंय, म्हणून चेहरा अजून ओळखू येतो.

शॉक यांचं निरीक्षण फालतू नव्हतं. घळी आहेत, खोल आहेत, खंदकाच्या पश्चिमेला जास्त आहेत. पण त्या घळींवरून थेट सालापर्यंत उडी मारणं अवघड. के. लाल गौरी यांनी दगडातल्या क्षारांचं गणित मांडलं: रात्रीचं दव दगडात मुरतं, क्षार विरघळतात, दिवसा पाणी उडतं, स्फटिक फुगतात आणि पापुद्रा सुटतो. रोज थोडा थोडा. कोकणात समुद्राकाठच्या घराचा गिलावा कसा सुटतो ते आठवा. त्याला पाऊस लागत नाही. कॉलिन रीडर हेही भूवैज्ञानिकच. त्यांनी वाहत्या पाण्याचा मुद्दा मान्य केला आणि तरी स्फिंक्स खाफ्रेच्या फार तर काही शतकं आधी नेला, पहिल्या राजवंशांच्या काळात. म्हणजे भूवैज्ञानिकांतही एकमत नाहीच. एका प्रांताच्या तज्ज्ञाला दुसऱ्या प्रांताच्या तज्ज्ञाने मारलं, हे चित्र सोयीचं आहे, पण खरं नाही.

"तुमचा प्रांत नाही" हे मात्र वाईट उत्तर होतं. त्याबद्दल मलाही राग आहे.

जिरेसाळ

१९९२ मध्ये शिकागोला यावर वाद झाला होता ना? तिथे पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांनी विचारलेलं मला पटलं होतं. स्फिंक्स सात हजार वर्षांपूर्वीचा असेल तर तो कोरणाऱ्या माणसांनी जेवायला मडकी वापरली असतील. एक तरी खापर दाखवा.

शंकासुर

खापर मिळालं नाही म्हणजे माणसं नव्हती? हा कुठला न्याय? वाळूखाली काय काय आहे कुणी बघितलंय!

जिरेसाळ

खाफ्रेच्या काळातली खापरं त्याच वाळूखाली ढिगाने मिळतात, हा न्याय.

उंटावरची शहाणी

भूस्तरवेडी, चळतीचं वर्णन झकास. मी तिथे असताना हे माहीत असतं तर त्या वळ्या जास्त वेळ बघितल्या असत्या. आम्हाला तिथे मोजून वीस मिनिटं मिळाली. पुढे अत्तराच्या दुकानात दीड तास. (टूरवाल्यांचं नाव घेत नाही, पण त्यांना माझे तळतळाट लागोत.)

गवंडीकाका

मी वाचणारा माणूस, लिहिणारा नव्हे. पण दगडाचा विषय निघाला म्हणून दोन शब्द. आमच्या घरात तीन पिढ्या पाथरवटकाम. वडील जाती, पाटे-वरवंटे, देवळाच्या पायऱ्या करायचे. मी पुढे ठेकेदारी केली.

यूट्यूबवर हमखास येतं की तांब्याच्या हत्याराने ग्रॅनाइट कापताच येत नाही. म्हणणारा कधी दगडापाशी बसलेला नसतो. तांबं कापत नाही, हे अगदी खरं. कापते ती वाळू. तांब्याची पट्टी फक्त वाळूला ओढत नेते. वाळूचा कण तांब्यात रुततो आणि दगडाला खातो. वडील पाट्याला शेवटची उजळणी द्यायला कुरुंदाची पूड आणि पाणी वापरायचे, वरून घासायला साधा लाकडी ठोकळा. लाकडाने दगड गुळगुळीत झाला म्हणायचं का? डेनिस स्टॉक्स म्हणून एक इंग्रज आहेत, त्यांनी अस्वानला तांब्याची पट्टी आणि वाळू घेऊन ग्रॅनाइट कापून दाखवला. वेग अगदी मुंगीचा. पण राजाचं काम असेल तर वेळेला काय तोटा.

शिवाय अस्वानच्या खाणीत तो अर्धवट ओबेलिस्क (एकाच दगडाचा उंच स्तंभ) पडलाय, साधारण ४२ मीटर लांब, हजार टनांच्या वर. तडा गेला म्हणून सोडून दिलेला. त्याच्या कडेचे चर डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचून ठेचून काढलेले दिसतात, उथळ वाटीसारखे खळगे ओळीने. ठेचलेल्या दगडाचा पोत आणि टाकीने घडवलेल्याचा पोत आंधळासुद्धा बोटाने ओळखेल.

नर्मदेतला गोटा

काका, दंडवत. असे प्रतिसाद वाचायला इथे येतो.

आणि बघा, इथे तज्ज्ञही चुकलेले आहेत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना गिझाला ग्रॅनाइटचे नळीसारखे गाभे मिळाले, पोकळ गिरमिटाने भोक पाडल्यावर मधून निघतो तसे. त्यांनी ठामपणे लिहिलं की गिरमिटाला रत्नांचे दात बसवले असणार. केवढा मोठा माणूस, आणि तो सुटी वाळू पुरेशी नाही म्हणत होता. पुढे प्रयोगांनी सुटी वाळूच जिंकली.

शंकासुर

म्हणजे मी म्हणतो तेच की! तज्ज्ञ ठामपणे बोलतात आणि चुकतात.

नर्मदेतला गोटा

हो, पण तोच पेट्री गिझाला कशाला गेला होता ते बघा. पिआझी स्मिथ हे स्कॉटलंडचे राजखगोलशास्त्रज्ञ. त्यांचा दावा असा की पिरॅमिड एका दैवी इंचावर बांधलाय आणि त्याच्या मापांत भविष्य लिहिलंय. पेट्रीचे वडील स्मिथचे भक्त, पोरगाही त्याच भारावलेपणात वाढला. १८८० मध्ये मोजायला गेला, एका जुन्या थडग्यात मुक्काम ठोकला, मोजणीची साखळी, त्रिकोणमापन, सगळं साग्रसंगीत. बाजू निघाली साधारण २३० मीटर. दैवी इंचाच्या गणिताला हवी त्याहून कित्येक फूट कमी. पोराने घरच्या श्रद्धेला स्वतःच्या हाताने माती दिली.

आणि मार्क लेनर? आज त्यांना आपण प्रस्थापितांचे खांब म्हणतो. ते १९७० च्या दशकात इजिप्तला गेले ते एडगर केसी या अमेरिकन द्रष्ट्याच्या अनुयायांच्या पैशाने, स्फिंक्सखाली अटलांटिसचं दफ्तर शोधायला! तिथे राहिले, खडा न् खडा नकाशावर घेतला आणि मत बदललं. पुढे त्यांनीच पिरॅमिडच्या मजुरांची वसाहत उकरून काढली. पाव भाजायच्या भट्ट्या, गुराढोरांच्या हाडांचे ढीग.

शंकासुर

हे लेनरचं माहीत नव्हतं. खरंच?

नर्मदेतला गोटा

खरंच. त्यांनी स्वतः कधी लपवलेलं नाही.

जिरेसाळ

त्याच केसी मंडळींच्या पैशातून १९८४ मध्ये पिरॅमिडच्या दगडांमधल्या जिप्समच्या गाऱ्यातले कोळशाचे कण कार्बन कालमापनाला पाठवले होते. निकाल आला मानलेल्या काळापेक्षा सरासरी पावणेचारशे वर्षं जुना. १९९५ मध्ये परत केलं, तेव्हा फरक शंभर-दोनशे वर्षांवर आला. दोन्ही निकाल छापले. उलगडा असा दिला की लाखो टन दगडांसाठी जिप्सम भाजायला जे मिळेल ते सरपण जाळलं, त्यात शतकभर जुनी लाकडंही होती. ज्याला हा उलगडा पटणार नाही त्याने न मानावा, पण दहा हजार वर्षं काही त्यातून निघत नाहीत.

भूस्तरवेडी

शंकासुर, तुमच्या त्या कर्नलकडे येऊ. व्हाइज माणूस दांडगट होता, सुरुंग लावणं आज गुन्हा ठरेल. पण ती लाल अक्षरं फक्त दर्शनी भागावर नाहीत. दगडांच्या सांध्यांतून आत, जिथे बोटही शिरत नाही तिथे पुढे जातात. म्हणजे रंगवून मग बसवलेले दगड. काही अक्षरं उलटी आहेत, आडवी आहेत. त्यात मजुरांच्या टोळ्यांची नावं आहेत, खुफूच्या नावावरून घेतलेली. आणि राजाचं नाव दोन रूपांत आहे, एक खुफू, दुसरं खनुम-खुफू. १८३७ मध्ये या दोन नावांचा मेळ कुणाला नीट लागत नव्हता. खोटारडा माणूस स्वतःलाच अडचणीत आणणारं नाव का लिहील?

शिवाय २०१३ मध्ये पिएर ताले यांच्या चमूला तांबड्या समुद्राकाठी वादी अल जर्फला पपायरस मिळाले. मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी. तुरा इथल्या खाणीतून पांढरी चुनखडी नावेत भरली, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम, दुसऱ्या दिवशी 'खुफूचं क्षितिज' इथे पोचलो. 'खुफूचं क्षितिज' म्हणजे मोठा पिरॅमिड. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. खुफूच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांतलं हे दप्तर, लिहिलेल्या पपायरसांत आजवर मिळालेलं सगळ्यात जुनं.

गवंडीकाका

मुकादमाची वही! खेप, मुक्काम, किती माल. आमच्या वडिलांच्या वहीत असंच असायचं, "२ ब्रास खडी, गाडी परत, पाऊस".

उंटावरची शहाणी

हे वाचून अंगावर काटा आला. गाइडने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

आणि माझा मुद्दा नेमका इथेच येतो. पिरॅमिड खुफूचा म्हणायला रोजनिशी आहे, मजुरांच्या खुणा आहेत, वसाहत आहे, थडगी आहेत, कालमापन आहे. स्फिंक्स खाफ्रेचा म्हणायला काय आहे? जागा आणि आखणी. त्याच्या पिरॅमिडकडून येणारा रस्ता खंदकाच्या कडेने जातो, खंदकातून काढलेले दगड समोरच्या देवळात बसवलेत, देवळाची रचना त्याच्या शेजारच्या देवळासारखी. चांगला तर्क आहे, मलाही पटतो. पण हा एक तर्क आहे आणि ती दुसरी मोळी आहे. सांगताना मात्र दोन्ही एकाच सुरात सांगतात. मग उद्या कुणी स्फिंक्सचा तर्क जरा हलवला की आमच्या मामेसासऱ्यांना वाटतं, पिरॅमिडपण पडला.

नर्मदेतला गोटा

+१. हे लाख बोललात.

सुराचं आणखी एक उदाहरण. सतत विश्वकिरणांतून म्युऑन नावाचे कण आपल्यावर पडत असतात, तळहातावरून मिनिटाला शंभरेक. दगड जितका जाड तितके कमी पार होतात. पलीकडे मोजले की आत पोकळी आहे का ते कळतं. (आपल्या टीआयएफआरच्या लोकांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९५० च्या दशकापासून खोल खोल जाऊन हेच कण मोजले.) लुइस अल्वारेझ यांनी खाफ्रेच्या पिरॅमिडमध्ये हा प्रयोग केला, १९७० मध्ये निकाल दिला: बघितलेल्या भागात खोली नाही. नोबेलवाल्या माणसाने "काही सापडलं नाही" असा निबंध छापला, मला हे फार आवडतं.

मग २०१७ मध्ये स्कॅनपिरॅमिड्सच्या जपानी-फ्रेंच चमूने खुफूच्या पिरॅमिडमध्ये मोठ्या दालनमार्गाच्या वर किमान ३० मीटर लांबीची पोकळी असल्याचं जाहीर केलं. इजिप्तचे प्रसिद्ध पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी लगेच झटकलं, पिरॅमिडमध्ये पोकळ्या असतातच, यात शोध कसला. २०२३ मध्ये त्याच चमूने, त्याच तंत्राने, उत्तरेच्या दाराच्या वर नऊ मीटरचा बोळ दाखवला, फटीतून कॅमेरा घालून चित्रफीत काढली. त्या घोषणेला हवास स्वतः हजर, आणि आता हा मोठा शोध! पुरावा गोळा करणारे शांत होते. आवाज कॅमेऱ्यासमोरच्या माणसाचा होता.

मठ्ठाप्रेमी

डेंडेराच्या देवळातल्या कोरीवकामात दिसणारे विजेचे दिवे राहिले की. आणि अबायडोसचं हेलिकॉप्टर.

जिरेसाळ

कमळातून निघणारा साप, आणि सेती राजाच्या नावावर रामेसिस राजाने गिलावा करून कोरलेलं नाव. गिलावा पडला, दोन नावं एकमेकांत मिसळली. पुढचा प्रश्न.

मठ्ठाप्रेमी

बरं बरं, रागावू नका.

शंकासुर

मग मामेसासऱ्यांचं शहर? ते इटालियन लोक उपग्रहाच्या रडारने बघितलं म्हणतात. तेही तंत्रच ना? म्युऑनला हो आणि रडारला नाही, का?

भूस्तरवेडी

रास्त प्रश्न. मार्च २०२५ ची ती घोषणा, खाफ्रेच्या पिरॅमिडखाली सहाशे मीटरहून खोल खांब वगैरे. उपग्रहाच्या रडारच्या लहरी चुनखडीत इतक्या आत जातच नाहीत. त्यांचं म्हणणं, पृष्ठभागाच्या बारीक थरथरीवरून आतलं चित्र काढलं. ठीक, पण मग आधी ज्याचं आत काय आहे ते माहीत आहे अशा जागेवर काढून दाखवा. जवळच ओसिरिस विहीर म्हणून आहे, तीस मीटरवर पाणी लागतं. ती दिसते का? म्युऑनवाल्यांनी आधी माहीत असलेल्या खोल्या दिसतात हे दाखवलं, मग नवीन पोकळीचं नाव काढलं. तीन वेगळ्या गटांनी तीन वेगळ्या उपकरणांनी.

शंकासुर

हे पटलं. स्फिंक्सवर मात्र मी हटणार नाही.

भूस्तरवेडी

नका हटू. पण एकदा कर्जत-खोपोलीच्या कातळात बसून सांगा बरं, कुठली घळ पन्नास वर्षांची आणि कुठली पाच हजारांची. मी अजून चुकते.

उंटावरची शहाणी

मला आठवतंय ते राजाच्या दालनातलं. वाकून वाकून चढ चढायचा, पाठीचा पार भुगा, पुढच्याच्या चपलेकडे बघत. मग एकदम उंच दालनमार्ग, आणि शेवटी ती काळसर ग्रॅनाइटची खोली. घामाचा वास, एक पंखा घुरघुरत होता. आत नुसती बिनझाकणाची पेटी, एक कोपरा फुटलेला. अक्षर नाही, नक्षी नाही. कैरोच्या संग्रहालयात बघितलं तर या एवढ्या पिरॅमिडच्या मालकाची पूर्ण म्हणावी अशी एकच मूर्ती, हस्तिदंती, साडेसात सेंटिमीटरची. पेट्रीला अबायडोसला मिळाली तेव्हा डोकं नव्हतं, तीन आठवडे माती चाळून शोधलं म्हणे. आणि ती मूर्तीसुद्धा खुफूच्या काळातली की खूप नंतरची, यावर हवास यांनीच शंका काढलीय!

गवंडीकाका

ताई, त्या पेटीचा फोटो आहे का? उत्तरेच्या बाजूचा? पेट्रीने लिहून ठेवलंय की तिथे करवत वाकडी शिरली, माघारी काढली, परत चालवली, परत खोल गेली. ती खूण मला बघायची आहे. करवत वाकडी गेली की काय होतं मला माहीत आहे. आधी कारागीर गप्प होतो, मग मुकादम येतो.

उंटावरची शहाणी

काका, पेटीचे अकरा फोटो आहेत. नऊमध्ये माझी मुलगी वाकुल्या दाखवते आहे. उत्तर कुठली ते मात्र ठरवता येईना, आत शिरल्यावर दिशाच कळली नव्हती. दार कुठल्या बाजूला होतं ते कुणी सांगेल का?

भूस्तरवेडी

दार उत्तरेच्या भिंतीत, पूर्वेच्या टोकाला. पेटी पश्चिमेच्या अंगाला. आत शिरून उजवीकडे वळलात तर पेटीची दाराच्या भिंतीकडची आखूड बाजू ती उत्तर.

उंटावरची शहाणी

मग दोन फोटोंत आहे. एकात अंधार आहे, दुसऱ्यात बॅटरीचा उजेड तिरका पडलाय. मोठा करून चढवते, थांबा.